चरणजित सिंग : रागांना विजेचा सूर देणारे वादक

हिंदी चित्रपटसंगीताच्या वैभवकाळात मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत शेकडो वादक राबत होते. त्यांचे सूर घराघरांत पोहोचले, मात्र त्यांची नावे तबकड्यांवर क्वचितच छापली गेली. चरणजित सिंग हे अशाच वादकांपैकी एक होते. आज त्यांचे नाव जगभरातील संगीत अभ्यासक आदराने घेतात. हा मान मिळण्यासाठी मात्र त्यांना जवळपास तीन दशके वाट पाहावी लागली.

१९४० मध्ये जन्मलेल्या चरणजित सिंग यांनी मुंबईत वादक म्हणून कारकीर्द घडवली. गिटार, बास गिटार आणि कळफलकाची विविध वाद्ये त्यांना अवगत होती. राहुल देव बर्मन यांच्यासह अनेक संगीतकारांच्या ध्वनिमुद्रणात त्यांनी साथ केली. ‘हरे रामा हरे कृष्णा’ या १९७१ च्या चित्रपटातील ‘दम मारो दम’ या गाण्यात ट्रान्झिकॉर्ड हे वाद्य त्यांनी वाजवले होते. स्वतःच्या वाद्यवृंदाचे कार्यक्रम ते करीत, तसेच चित्रपटगीतांच्या सुरावटींच्या तबकड्याही त्यांनी काढल्या.

नव्या यंत्रांची त्यांना विलक्षण ओढ होती. १९८० च्या दशकाच्या आरंभी त्यांच्याकडे रोलँड या जपानी कंपनीची तीन वाद्ये आली : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे बासयंत्र.

सिंथेसायझरमधील मूळ ध्वनी उपस्वरांनी भरलेला आणि काहीसा कर्कश असतो. फिल्टर त्यातील ठराविक मर्यादेवरचे उपस्वर गाळून टाकतो. ही मर्यादा स्थिर राहिली तर सूर निर्जीव वाटतो. प्रत्येक स्वराबरोबर ती हलली तर सुरात प्राण येतो. या हालचालीला आकार देणाऱ्या रचनेला एन्व्हलप म्हणतात. स्वर किती वेगाने उमलावा, मग किती वेळात उतरावा, कळ दाबलेली असेपर्यंत कोणत्या पातळीवर टिकावा आणि कळ सोडल्यावर किती वेळात विरावा, असे तिचे चार भाग असतात. १९६५ मध्ये संगीतकार व्लादिमिर उसाचेव्हस्की यांच्या सूचनांवरून अमेरिकी अभियंते रॉबर्ट मूग यांनी या चार भागांच्या रचनेला यंत्राचे रूप दिले. टीबी-३०३ मध्ये ही रचना साधी होती. मर्यादा कोठे असावी, तिच्याजवळचे उपस्वर किती उठून दिसावेत, एन्व्हलपचा प्रभाव किती असावा आणि उतार किती लांबावा, हे मोजक्या बटणांनी ठरत असे.

तंबोऱ्याची तार छेडल्यावर जवारीमुळे उपस्वर एकेक करून उलगडत जातात. फिल्टरच्या उघडझापीतही त्याच जातीचा अनुभव मिळतो. त्यामुळे रागसंगीत आणि ही यंत्रे यांच्यात वाटते तितके अंतर नव्हते.

१९८२ मध्ये एचएमव्हीने चरणजित सिंग यांची ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी प्रकाशित केली. भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी हे दहा राग त्यांनी डिस्कोच्या अखंड ठेक्यावर बांधले. तबल्याची जागा तालयंत्राने घेतली; रागाची चौकट मात्र त्यांनी सोडली नाही. श्रोत्यांनी या प्रयोगाकडे पाठ फिरवली आणि तबकडी विस्मरणात गेली.

पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोच्या फ्युचर या गटाची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही रचना प्रसिद्ध झाली. टीबी-३०३ ची तीच बटणे वाजवता वाजवता फिरवून घडवलेल्या या ध्वनीतून ॲसिड हाउस ही शैली उदयास आली. पुढे २०१० मध्ये नेदरलँड्सच्या एडो बाउमन यांनी चरणजित सिंग यांची तबकडी पुन्हा प्रकाशित केली, तेव्हा दोन्ही ध्वनींतील साम्याने जाणकार थक्क झाले. शिकागोच्या तरुणांनी मुंबईची ही तबकडी ऐकली असल्याचा पुरावा नाही. त्यामुळे सिंग यांना त्या शैलीचे जनक म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. एकाच यंत्राच्या शक्यता दोन दूरच्या शहरांत स्वतंत्रपणे उलगडल्या, असे मानणे अधिक योग्य होय.

सत्तरी ओलांडल्यावर चरणजित सिंग यांनी युरोपच्या रंगमंचांवर हे राग पुन्हा वाजवले. समोर त्यांच्या नातवंडांच्या वयाचे श्रोते असत. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. उशिरा का होईना, आपल्या सुरांची दाद त्यांना हयातीत ऐकता आली. पडद्यामागे राहिलेल्या त्यांच्या अनेक सहकाऱ्यांच्या वाट्याला मात्र तेवढेही भाग्य आले नाही.