आर्थर कॉलवेल : आधी आडगाव, मग नागरिकत्व

ऑस्ट्रेलियाला जाऊ इच्छिणाऱ्या मराठी अभियंत्यांना, परिचारिकांना आणि शिक्षकांना ४९१ हा आकडा आता चांगलाच परिचयाचा झाला आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या या व्हिसामागचा व्यवहार सरळ आहे. सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन महानगरे सोडून अन्यत्र राहायचे, तेथेच नोकरी करायची, तीन वर्षांची प्राप्तिकराची कागदपत्रे दाखवायची आणि मग कायम वास्तव्यासाठी अर्ज करायचा. एखाद्या राज्याने किंवा त्या भागात राहणाऱ्या नातेवाइकाने शिफारस केली, तर गुणपत्रिकेत पंधरा गुणांची भर पडते. पर्थसारखे वीस लाखांहून अधिक वस्तीचे शहरही या हिशेबात आडगावात मोडते, ही गंमत निराळी!

परदेशातून आलेल्या माणसाने आधी देशाला गरज असेल तेथे जाऊन राबावे आणि मग मनाजोगते घर करावे, ही कल्पना मात्र २०१९ ची नव्हे. ती ऑस्ट्रेलियात मोठ्या प्रमाणावर प्रथम राबवली ती आर्थर ऑगस्टस कॉलवेल या राजकारण्याने, दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच. आणि आज या व्हिसाच्या रांगेत ज्यांची संख्या मोठी आहे, त्या भारतीयांना कॉलवेल यांनी आपल्या योजनेत जागाच ठेवली नव्हती.

कॉलवेल यांचा जन्म २८ ऑगस्ट १८९६ रोजी पश्चिम मेलबर्नमध्ये झाला. वडील पोलीस खात्यात होते, आईचे घराणे आयरिश कॅथलिक. आजोबा सोन्याच्या शोधात अमेरिकेतून ऑस्ट्रेलियात येऊन स्थायिक झालेले; म्हणजे ज्याने पुढे लाखो स्थलांतरितांना आणले, तो स्वतः एका स्थलांतरिताचाच नातू होता. सहाव्या वर्षी त्यांना घटसर्प झाला. जीव वाचला, पण आवाज कायमचा घोगरा राहिला. या आवाजाची व्यंगचित्रकारांनी आणि विरोधकांनी पुढे आयुष्यभर टर उडवली. ख्रिश्चन ब्रदर्सच्या शाळेतील शिक्षण संपताच विद्यापीठाचे स्वप्न बाजूला ठेवून त्यांनी व्हिक्टोरिया राज्याच्या शेती खात्यात कारकुनी पत्करली. मजूर पक्षाचे काम त्यांनी कोवळ्या वयातच सुरू केले होते. पहिली पत्नी लग्नानंतर वर्षभरातच वारली. आयरिश भाषेच्या वर्गात ज्यांची ओळख झाली, त्या पत्रकार एलिझाबेथ मॅरेन यांच्याशी १९३२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला.

संसदेत पोहोचायला त्यांना १९४० साल उजाडावे लागले. तोवर मेलबर्न मतदारसंघाचे वयोवृद्ध खासदार डॉ. विल्यम मॅलोनी यांचे सचिव म्हणून ते राबत होते. युद्धकाळात माहितीमंत्री म्हणून वृत्तपत्रांशी त्यांचे इतके बिनसले, की ते वैर अखेरपर्यंत मिटले नाही. पण कॉलवेल यांचे नाव इतिहासात राहिले ते १३ जुलै १९४५ या दिवसामुळे. बेन चिफ्ली त्या दिवशी पंतप्रधान झाले आणि त्यांनी इमिग्रेशन हे स्वतंत्र खाते प्रथमच निर्माण करून कॉलवेल यांच्याकडे सोपवले.

त्या वेळचा ऑस्ट्रेलिया डोळ्यांपुढे आणला पाहिजे. सुमारे ७७ लाख चौरस किलोमीटरचा प्रदेश आणि माणसे जेमतेम ७४ लाख! फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानी विमानांनी डार्विनवर बॉम्ब टाकले होते आणि एवढा मोठा रिकामा किनारा राखायला माणसेच नाहीत, ही भीती घराघरांत शिरली होती. २ ऑगस्ट १९४५ रोजी कॉलवेल यांनी संसदेत आपले धोरण मांडले. जन्मदरातून दरवर्षी एक टक्का आणि स्थलांतरातून आणखी एक टक्का अशी लोकसंख्येची वाढ त्यांना हवी होती. मतदारांना त्यांनी आशा दाखवली होती, की प्रत्येक परक्यामागे दहा ब्रिटिश येतील. पण ब्रिटनमधून माणसे आणायला जहाजेच मिळेनात. युरोपातील छावण्यांत मात्र लाखो विस्थापित अडकून पडले होते, आणि त्यांना हलवण्यासाठी आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेकडे जहाजे होती. जुलै १९४७ मध्ये कॉलवेल यांनी या संघटनेशी करार केला. करुणेपेक्षा हिशेब मोठा होता, हे उघड आहे. पण त्या हिशेबाने अनेकांचे प्राण सार्थकी लावले हेही तितकेच खरे.

२८ नोव्हेंबर १९४७ रोजी ‘जनरल स्टुअर्ट हाइन्टझलमन’ हे जहाज आठशेहून अधिक प्रवासी घेऊन फ्रीमँटलला लागले. सारे बाल्टिक देशांतले, तरुण, बहुतेक अविवाहित, गोरेपान आणि सोनेरी केसांचे. हा योगायोग नव्हता. पहिली तुकडी पाहून जनतेने नाके मुरडू नयेत, म्हणून निवड तशीच केली होती. ज्यूंच्या संख्येवर याच काळात जहाजागणिक मर्यादा घातली गेली होती. कॉलवेल जाहिरातीचे तंत्र जाणून होते. आलेल्यांना हेटाळणीच्या नावांनी हाक मारू नये, नवे ऑस्ट्रेलियन म्हणावे, असा आग्रह त्यांनी धरला आणि वृत्तपत्रांनीही तो बऱ्याच अंशी मानला.

आता कराराचा गाभा. प्रवासाचा खर्च विस्थापिताला नव्हता. त्याच्या बदल्यात दोन वर्षे सरकार नेमून देईल ते काम, सरकार सांगेल तेथे करायचे. स्थानिक कामगारांना जे वेतन, तेच त्यांनाही. कामगार संघटनांचा विरोध बोथट करण्यासाठी ही अट आवश्यक होती. युद्धानंतर शहरांत घरांची भीषण टंचाई होती. त्यामुळे ज्या ठिकाणी ऑस्ट्रेलियन माणूस जायला तयार नव्हता, त्याच ठिकाणी या मंडळींची रवानगी झाली. क्वीन्सलँडचे उसाचे फड, टास्मानियाचे जलविद्युत प्रकल्प, जंगलातील लाकूडतोड, रेल्वेमार्ग. ऑक्टोबर १९४९ मध्ये स्नोई पर्वतातील प्रचंड जलविद्युत योजनेचा प्रारंभ झाला आणि कूमा हे मेंढपाळांचे शांत गाव पाहता पाहता अनेक भाषांनी गजबजून गेले. १९७४ पर्यंत चाललेल्या या योजनेवर तीसहून अधिक देशांतील एक लाखावर माणसांनी काम केले. १२१ जणांनी तेथे प्राण गमावले.

काम मिळेपर्यंतचा मुक्काम होता व्हिक्टोरियाच्या सीमेवरील बोनेगिला येथे. लष्कराने सोडलेली ही छावणी, पत्र्याच्या आणि लाकडाच्या बराकी, हिवाळ्यात गोठवणारी थंडी. इंग्रजीचे प्राथमिक धडे येथेच मिळत आणि जेवायला मिळे मटण, पुन्हा मटण. युरोपातून आलेल्या लोकांच्या आठवणींत या मटणाची तक्रार हटकून येते! पुरुषांना दूरच्या कामावर धाडले, की बायका-मुलांना अनेकदा दुसऱ्याच छावणीत ठेवत. कुटुंब एकत्र आणायला महिने लागत, कधी वर्षेही.

आणि याच ठिकाणी योजनेची सर्वांत मोठी उणीव उघडी पडते. कागदोपत्री सारे पुरुष मजूर आणि साऱ्या स्त्रिया घरकामगार. वकील, प्राध्यापक, अभियंते, संगीतकार यांच्या हाती कुदळ आणि फावडे आले. युरोपातील विद्यापीठांतून पदवी घेतलेल्या डॉक्टरांना स्थानिक वैद्यकीय संघटनांच्या आडमुठेपणामुळे व्यवसायाची परवानगी मिळेना. कित्येकांना पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले. काहींना पापुआ-न्यू गिनीसारख्या, जेथे इतर डॉक्टर जायला राजी नव्हते अशा भागांत काम मिळाले. १९४७ ते १९५४ या काळात सुमारे १ लाख ७० हजार विस्थापित आले. त्यांच्या हातांचा देशाला प्रचंड उपयोग झाला, डोक्यांचा फारच थोडा. आजच्या व्हिसात कौशल्याचे गुण मोजले जातात, पदव्या तपासल्या जातात. हा फरक लहान नाही. पण लहान गावात गेल्यावर त्या पदवीला साजेसे काम मिळतेच असे नाही, हे तेथे गेलेले अनेक जण सांगतील.

कॉलवेल यांच्या खासगी आयुष्यात या वर्षांनी मोठा घाव घातला. जून १९४८ मध्ये त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा आर्थर रक्ताच्या कर्करोगाने गेला. त्यानंतर मरेपर्यंत कॉलवेल यांनी काळ्या टायखेरीज दुसरी टाय वापरली नाही. कामाचा झपाटा मात्र कमी झाला नाही. स्वतंत्र ऑस्ट्रेलियन नागरिकत्वाचा कायदा त्यांनीच संसदेत मांडला आणि २६ जानेवारी १९४९ पासून तो लागू झाला. त्याआधी ऑस्ट्रेलियन माणूस कायद्याने केवळ ब्रिटिश प्रजाजन होता.

या उदारतेची सीमा मात्र कातडीच्या रंगापाशी संपत होती. ऑगस्ट १९४७ मध्ये ‘मनूरा’ या नौदलाच्या जहाजातून मुंबईहून सुमारे सातशे अँग्लो-इंडियन पश्चिम ऑस्ट्रेलियात उतरले. त्यांतील अनेकांचा वर्ण अपेक्षेहून सावळा निघाला, अधिकारी गोंधळले आणि नंतरच्या अर्जांबाबत नियम अधिक कडक झाले. युद्धात आश्रयाला आलेल्या आशियाई निर्वासितांनी आता परत जावे, यावर कॉलवेल अडून बसले. अॅनी ओकीफ ही मूळची इंडोनेशियातील विधवा, ऑस्ट्रेलियन माणसाशी पुनर्विवाह झालेली, आठ मुलांची आई. तिला हद्दपार करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९४९ मध्ये फेटाळला, तर कॉलवेल यांनी नवा कायदाच करून घेतला. अमेरिकी सैन्यातील लोरेन्झो गॅम्बोआ या फिलिपिनो वंशाच्या सार्जंटला त्याच्या ऑस्ट्रेलियन पत्नी-मुलांकडे येऊ दिले नाही. फिलिपिन्समध्ये संताप उसळला. त्याआधी १९४७ मध्ये संसदेत त्यांनी एका चिनी आडनावावर कोटी केली होती. समोरच्या बाकावरील व्हाइट नावाच्या खासदाराला तो टोला होता, वृत्तपत्रांनी त्याचा विपर्यास केला, असे ते शेवटपर्यंत सांगत राहिले. कोटी मात्र जगभर गेली.

विशेष असे, की मेलबर्नच्या चिनी वस्तीत या माणसाचे जिवलग मित्र होते आणि तो स्वतः मँडरिन शिकला होता. व्यक्ती म्हणून आशियाई माणसाशी त्यांचे वैर नव्हते. त्याने शेजारी राहायला येऊ नये, एवढाच त्यांचा हट्ट होता. हे ऐकायला विसंगत वाटते. पण आपल्याकडेही पंक्तीला न बसवता प्रेमाने विचारपूस करणारी माणसे काही कमी नव्हती.

डिसेंबर १९४९ मध्ये मजूर पक्षाची सत्ता गेली. पुढचे मंत्री हॅरल्ड होल्ट यांनी ओकीफ यांना राहू दिले. कॉलवेल १९६० मध्ये विरोधी पक्षनेते झाले. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत ब्रिस्बेनच्या एका मतदारसंघातील थोड्या मतांनी त्यांचे पंतप्रधानपद हुकले. व्हिएतनाममध्ये सैन्य पाठवण्यास त्यांनी १९६५ मध्ये कडाडून विरोध केला, आणि जनमत विरुद्ध असताना तो निभावला. जून १९६६ मध्ये सिडनीतील एका सभेनंतर १९ वर्षांच्या तरुणाने त्यांच्या मोटारीवर गोळी झाडली. काचेचे तुकडे लागून चेहरा रक्तबंबाळ झाला, पण ते बचावले आणि त्या तरुणाला त्यांनी मनापासून क्षमा केली. त्याच वर्षाअखेर निवडणुकीत मात्र दारुण पराभव झाला.

मजूर पक्षाने १९६५ मध्येच श्वेत ऑस्ट्रेलियाचे कलम आपल्या कार्यक्रमातून काढून टाकले होते. कॉलवेल यांना ते रुचले नाही. आपले मत त्यांनी १९७२ च्या आत्मचरित्रातही बदलले नाही. ८ जुलै १९७३ रोजी मेलबर्नमध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांच्याच पक्षाच्या व्हिटलम सरकारने वंशावर आधारित निवडीचे उरलेसुरले अवशेष मोडीत काढले.

२०२४ मध्ये ऑस्ट्रेलियात भारतात जन्मलेल्या रहिवाशांची संख्या नऊ लाखांच्या पुढे गेली होती. मेलबर्नच्या उत्तरेला एक मतदारसंघ १९८४ पासून कॉलवेल यांच्या नावाने ओळखला जातो. तुर्की, इराकी आणि भारतीय कुटुंबांची तेथे दाट वस्ती आहे.