तपकिरीची कुपी आणि सर रतन टाटा

रतन टाटा हे नाव उच्चारले की २०२४ साली निवर्तलेले उद्योगपती आपल्या डोळ्यांसमोर येतात. प्रस्तुत लेख त्यांच्यावर नाही. हा लेख आहे त्यांच्या दत्तक नात्याने आजोबा लागणाऱ्या सर रतन टाटांवर. ते १९१८ सालीच वारले. त्यांचे नाव मला ठाऊक नव्हते, हे आधीच कबूल करतो. मुंबईच्या सहलीत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील चिनी-जपानी वस्तूंच्या दालनात आम्ही शिरलो, आणि एका काचेच्या कपाटापाशी माझा पाय अडखळला. बोटभर उंचीच्या नाजूक कुप्या मांडलेल्या होत्या. अत्तराच्या असतील असे वाटले. पण त्या होत्या तपकिरीच्या! आमच्या घरी आजीची तपकीर पत्र्याच्या डबीत असते आणि ती डबी कनवटीला असते. तपकिरीसाठी कोणी इतका थाट करील हे खरेच वाटेना. हे दालन मुख्यतः दोराबजी आणि रतन या टाटा बंधूंच्या संग्रहातून उभे राहिले आहे असे तेथे कळले, आणि परत आल्यावर मी रतनजींचे चरित्र शोधू लागलो.

रतनजींचा जन्म २० जानेवारी १८७१ रोजी मुंबईत झाला. वडील जमशेटजी टाटा. थोरले बंधू दोराबजी त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठे. रतनजी सहा वर्षांचे होत आले होते तेव्हा, १ जानेवारी १८७७ रोजी, जमशेटजींची एम्प्रेस मिल नागपुरास सुरू झाली. मुंबईचा गिरणीमालक नागपुरास आला तो येथील कापसासाठी. हिंगणघाटचा कापूस त्या काळी याच नावाने दूरदेशी ओळखला जाई, हे आपल्या गावच्या वाचकांस सांगावयास नको. टाटांच्या पेढीचा व्यापार मात्र त्याहून जुना होता आणि त्याची एक वाट चीनकडे जात होती. जमशेटजी १८५९ साली तरुणपणी हाँगकाँगला गेले होते. येथून कापूस आणि अफू जाई. तेथून चहा, रेशीम, कापूर, दालचिनी येई. अफूचा उल्लेख गौरवलेखांत बहुधा गाळतात. मला तो गाळावासा वाटत नाही. ज्या देशात आपल्याकडची अफू पोचत होती, त्याच देशातील चिनी मातीची भांडी पुढे मुंबईच्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत येऊन बसली.

रतनजींचे शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात झाले. १८९२ साली नवजबाईंशी विवाह झाला. १८९६ च्या सुमारास ते पेढीत दाखल झाले. १९०४ साली जमशेटजी जर्मनीत निधन पावले, आणि पोलाद, जलविद्युत, बंगलोरची विज्ञानसंस्था ही त्यांची अपुरी स्वप्ने दोन्ही मुलांनी पुढे नेली. कारखान्यांचा मुख्य भार दोराबजींवर होता. रतनजींकडे व्यापाराची बाजू अधिक होती. कोबे आणि शांघाय येथेही त्यांच्या कंपनीच्या शाखा होत्या. प्रकृती मुळात नाजूक. १९०६ साली त्यांनी लंडनजवळ ट्विकेनहॅम येथे थेम्सकाठचे यॉर्क हाऊस हे जुने घर विकत घेतले. तेथील बागेत त्यांनी संगमरवरी स्त्रीमूर्तींचा एक कारंजा उभारला. त्या मूर्ती अजून तेथे आहेत. चित्रे, जेड दगडाच्या वस्तू, चिनी-जपानी भांडी यांची खरेदी त्यांच्या हौसेने चाले.

आता कुपीकडे वळतो. खरे म्हणजे या लेखाचा मोह तेथेच आहे. कपाटातल्या चिठ्ठीवर नुसते शतक लिहिलेले होते. ते कोणी आणि कसे ठरविले? कुपी काही बोलत नाही.

चीनमध्ये तंबाखू मिंग घराण्याच्या उत्तरकाळात आली. तपकिरीची आवड फैलावली ती त्यानंतरच्या छिंग घराण्यात, कांगशी बादशहाच्या (१६६२ ते १७२२) दरबारापासून. युरोपात तपकीर डबीत ठेवीत. चीनच्या दमट हवेत ती डबीत सर्दावे, म्हणून लहान तोंडाची कुपी आणि तिला घट्ट बूच. बुचालाच एक चिमुकला चमचा जोडलेला असतो. त्याने चिमूटभर तपकीर काढून अंगठ्याच्या नखावर घ्यायची. प्रथम काच आणि मीनाकामाच्या धातूच्या कुप्या होत्या. चिनी मातीची कुपी मोठ्या प्रमाणावर होऊ लागली ती छ्येनलुंग बादशहाच्या (१७३६ ते १७९५) कारकीर्दीच्या अखेरीस, आणि तिचे खरे राज्य म्हणजे एकोणिसावे शतक. म्हणून चिनी मातीची कुपी कोणी सतराव्या शतकातील म्हणून दाखवू लागला तर पहिल्याच पायरीवर थबकावे.

सामान्य मनुष्य कुपी उलटी करून तळ पाहतो. तळावर बहुधा चार किंवा सहा अक्षरांची मुद्रा असते : अमुक बादशहाच्या काळी घडविली. झाले, काळ ठरला! पण येथेच फसगत आहे. चिनी कारागीर जुन्या बादशहाची मुद्रा पुढच्या काळातही सर्रास काढीत. कधी पूर्वजांच्या कलेला मान म्हणून, कधी गिऱ्हाइकाला फसविण्यासाठी. तळावर छ्येनलुंगचे नाव आणि माल शंभर वर्षांनंतरचा, अशा कुप्या पुष्कळ आहेत. तेव्हा मुद्रा ही नुसती साक्ष. तिची उलटतपासणी कुपीच्या अंगावर व्हावयाची.

गुलाबी रंगाचे पाहा. सोन्यापासून सिद्ध होणारा तो मऊ गुलाबी मीना चिनी भांड्यांवर १७२० च्या सुमारास आला. कुपीवर गुलाबी कमळ असेल तर ती त्याआधीची असूच शकत नाही, मग तळाची अक्षरे काहीही म्हणोत. साच्यातून उठावाचे सिंह किंवा अठरा अर्हत काढलेल्या कुप्या चियाछिंग बादशहाच्या (१७९६ ते १८२०) काळाकडे बोट दाखवितात. ताओक्वांगच्या काळी (१८२१ ते १८५०) रातकिडे फार लोकप्रिय झाले. चीनमध्ये रातकिड्यांच्या झुंजी लावीत, म्हणून कुपीवरही रातकिडा. त्या काळची मुद्रा पुष्कळदा विटकरी तांबड्या रंगात, चौकोनी वळणाच्या चार अक्षरांत असते. झिलईखाली निळ्या आणि तांबूस रंगांत चितारलेल्या नळीसारख्या कुप्याही बऱ्याच त्याच शतकातल्या.

त्यानंतर पायाची कड. तिच्यावर झिलई नसते, उघडी माती दिसते. वर्षानुवर्षे मेजावर सरकून ती झिजते, पण ही झीज वेडीवाकडी असते. कोणी कानशीने मुद्दाम झिजविली असेल तर ओरखडे एकाच दिशेने जातात. भिंगाखाली चित्र ठिपक्याठिपक्यांचे दिसले तर ते हाताने काढलेले नाही, छापून उतरविलेले आहे. बुचावरून मात्र काही ठरवू नये; बुचे हरवतात आणि बदलली जातात.

अक्षरांनी फसविल्याच्या गोष्टी ऐकल्या, तशी अक्षरांनी सोडविल्याची एक आहे. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, १८३० च्या सुमारास, इजिप्तच्या थडग्यांतून चिनी मातीच्या अशाच चिमुकल्या कुप्या निघाल्याचा बोलबाला झाला. रोसेल्लिनी या इटालियन संशोधकाने तर एक कुपी हजारो वर्षे न उघडलेल्या थडग्यातली म्हणून सांगितली. युरोपातले पंडित थक्क झाले : म्हणजे मोझेसच्याही आधीपासून चीनचा इजिप्तशी व्यापार! पुढे चिनी जाणणाऱ्यांनी कुप्यांवरच्या ओळी वाचल्या. त्या निघाल्या इसवी सनाच्या आठव्या शतकातील आणि त्यानंतरच्या कवींच्या. कवी जन्मण्यापूर्वी त्याची ओळ कुपीवर येणार कशी? कुप्या काही शतकांपूर्वीच्याच होत्या, आणि थडग्यात त्या विकणाऱ्यांच्या कृपेने गेल्या असाव्यात असे आज मानतात.

हे सविस्तर लिहिले याचे कारण असे की, काळ ठरविण्याच्या असल्याच एका घोटाळ्यात रतनजींचे नावही गुंतले आहे. पाटलीपुत्राच्या उत्खननासाठी त्यांनी सरकारी पुराणवस्तू खात्याला वर्षाला वीस हजार रुपये देऊ केले, आणि १९१३ साली डॉ. स्पूनर यांनी पाटण्याजवळ कुम्राहार येथे खोदकाम सुरू केले. राखेच्या थरांखाली एका विशाल स्तंभमंडपाचे अवशेष सापडले. चकचकीत घोटलेला एक दगडी खांब मिळाला. बाकीच्यांच्या जागा तुकड्यांवरून आणि खुणांवरून ओळखल्या. ऐंशी खांबांचा मौर्यकालीन मंडप म्हणून आज तो ओळखला जातो. येथवर सारे उत्तम. पण स्पूनर यांना त्यात इराणच्या पर्सेपोलिसचा दरबार दिसू लागला. १९१५ साली त्यांनी लिहून टाकले की मौर्य स्वतःच झरतुष्ट्रपंथी असावेत. खोदकामाचा पैसा पारशी गृहस्थाचा, आणि निष्कर्षही पारशांना गोड लागणारा! विद्वानांनी तो मानला नाही. यात रतनजींचा दोष मला दिसत नाही. त्यांनी पैसा दिला, निकाल मागितला नव्हता. तरी तळावर छ्येनलुंगची मुद्रा पाहून हुरळणाऱ्या गिऱ्हाइकाची येथे आठवण होतेच.

हौशी संग्राहक एवढीच त्यांची ओळख सांगणे अन्यायाचे होईल. गांधीजींचा दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रह पैशावाचून अडला होता तेव्हा, १९०९ साली, त्यांनी पंचवीस हजार रुपये पाठविले. एकूण देणगी सव्वा लाखावर गेली. त्या वेळी गांधीजी महात्मा झालेले नव्हते. गोखल्यांच्या भारत सेवक समाजालाही ते अनेक वर्षे पैसे देत होते. मला सर्वांत नवल वाटते ते लंडनचे. १९१२ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथे त्यांच्या पैशातून दारिद्र्याच्या अभ्यासाचा विभाग निघाला, आणि पुढल्या वर्षी टॉनी हे त्याचे प्रमुख झाले. त्यांनी साखळ्या घडविणाऱ्या मजुरांच्या किमान वेतनावर ग्रंथ लिहिला. म्हणजे इंग्लंडातले मजूर गरीब का, हे शोधण्याचा खर्च एका हिंदी गृहस्थाने सोसला! आमच्या घरात माझ्याआधी महाविद्यालयाची पायरी कोणी चढले नव्हते. दारिद्र्यावर दया दाखविणारे आम्ही पाहिले आहेत, त्याची कारणे शोधा म्हणून पैसे देणारा मला प्रथमच भेटला. ज्या गिरण्यांतून तो पैसा आला तेथील मजुरांचा असा अभ्यास त्यांनी तेव्हा का करविला नाही, हा प्रश्न मात्र माझ्या मनातून जात नाही.

१९१६ साली त्यांना सर ही पदवी मिळाली. त्याच सुमारास प्रकृती ढासळली आणि ते उपचारांसाठी इंग्लंडला गेले. महायुद्ध चालू होते. ५ सप्टेंबर १९१८ रोजी कॉर्नवॉलमधील सेंट आयव्हज येथे, सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. लंडनजवळच्या ब्रुकवुड दफनभूमीत वडिलांच्या शेजारी त्यांना ठेवले. मूलबाळ नव्हते. नवजबाईंनी नवल हा मुलगा दत्तक घेतला. २०२४ साली वारलेले रतन टाटा हे नवल यांचे पुत्र. १९१९ साली सुमारे ऐंशी लाख रुपयांचा सर रतन टाटा ट्रस्ट उभा राहिला. नवजबाई १९६५ पर्यंत जगल्या.

मुंबईचे संग्रहालय तेव्हा बांधून तयार होते, पण युद्धात त्या इमारतीत लष्करी इस्पितळ होते. १० जानेवारी १९२२ रोजी ते लोकांसाठी उघडले, आणि रतनजींचा संग्रह त्याला मिळाला. दोराबजींचाही पुढे आला.

कपाटापुढे मी गुडघ्यांवर बसून एका कुपीचा तळ दिसतो का ते पाहिले. दिसला नाही, ती फळीवर घट्ट उभी होती. वरच्या बाजूस एक रातकिडा मात्र स्पष्ट दिसत होता. पहारेकरी काचेपासून दूर व्हा म्हणाला, तेव्हा मी उठलो. घरी आल्यावर आजीला सारे सांगितले. तिने कनवटीची डबी काढून टिचकी मारली आणि विचारले, त्या कुपीत किती दिवसांची तपकीर मावत असेल? दोन दिवसांची, मी अंदाजाने सांगितले.