एक्सेल यायच्या दोनशे वर्षं आधी नाना फडणवीसांच्या दप्तरात अख्ख्या दौलतीची एक बेरीज व्हायची

उल्हासनगर कॅम्प २. गजानन मार्केटच्या गल्लीत कापडाच्या गाठी उतरत असतात आणि आत दुकानात कुणीतरी लॅपटॉपवर एक्सेलची शीट उघडून बसलेलं असतं. पार्टीचं नाव, बिल नंबर, गेलेला माल, आलेले पैसे, राहिलेली बाकी. फिल्टर लावला की कोणाकडे किती अडकलेत ते दिसतं आणि सकाळचा पहिला फोन कुणाला करायचा हे ठरतं.

हवा स्वच्छ असेल तर या भागातून दक्षिणेला मलंगगडाचा डोंगर दिसतो. १७८० मध्ये या डोंगरासाठी इंग्रज आणि मराठे झुंजत होते. तेव्हा उल्हासनगर नव्हतं. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी आणि फाळणीनंतर तिथं आलेली सिंधी माणसं, यातून ते १९४९ मध्ये उभं राहिलं. पण कल्याण होतं, कल्याण प्रांताचा वसूल होता, आणि तो वसूल कुणाच्या हातात जातो यावर पुण्यात एक माणूस नजर ठेवून होता.

तो माणूस म्हणजे नाना फडणवीस.

नानांचं खरं नाव बाळाजी जनार्दन भानू. जन्म १२ फेब्रुवारी १७४२, साताऱ्याचा. मूळ गाव कोकणातलं वेळास. आजोबा बाळाजी विश्वनाथ पेशव्यांबरोबर दिल्लीला गेले आणि १७१९ मध्ये तिथंच मारले गेले. त्यानंतर फडणिशी भानूंच्या घरात राहिली. वडील गेले तेव्हा नाना जेमतेम चौदा वर्षांचे होते. ज्या वयात आज पोरं आठवी-नववीत असतात, त्या वयात दौलतीच्या हिशोबाचं पद गळ्यात पडलं.

१७६१ मध्ये ते पानिपतावर होते. लढायला कमी, तीर्थयात्रेला जास्त, असाच तो प्रवास होता. आई रखमाबाई आणि पत्नी सोबत होत्या. १४ जानेवारीला सगळं संपलं. नाना कसेबसे जीव वाचवून परतले, पत्नीही परतली, आई परतली नाही. त्या दिवसांची हकीकत नानांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

मागे राहिली ती कर्जात बुडालेली दौलत आणि सोळा वर्षांचे माधवराव पेशवे. माधवरावांची मोहीम कर्नाटकात असो की कुठेही, मागचा हिशोब बघायला भरवशाचा माणूस लागायचा. तिथं नानांचा हात बसला.

आता हा फड म्हणजे काय, ते बघायला हवं. कारण नानांची ताकद तलवारीत कधीच नव्हती.

एका मामलेदाराची कचेरी डोळ्यासमोर आणा. त्याच्या हाताखाली दरकदार असायचे. दिवाण प्रत्येक पत्रावर मामलेदारासोबत सही करायचा. मुजुमदार कागद आधी तपासून मंजूर करायचा. फडणीस त्यावर तारीख घालायचा, रोजची कीर्द लिहायचा आणि पैशांच्या थैल्यांना चिठ्ठ्या बांधायचा. दफ्तरदार त्या कीर्दीवरून खतावणी करून दर महिन्याचा गोषवारा पुण्याला पाठवायचा. पोतनीस रोकड शिल्लक सांभाळायचा, तर पोतदार नाणं खरं की खोटं ते पारखायचा.

गंमत अशी की मामलेदाराला या लोकांना कामावरून काढता येत नसे. म्हणजे साहेबाला हवा तसा आकडा लिहून घ्यायचा तर पाच-सहा माणसं एकाच वेळी फितवावी लागणार. आज शीटमधले सेल लॉक करतात, तेव्हा माणसांनीच ते लॉक केलेले होते.

हे सगळे कागद जमायचे पुण्याच्या हुजूर दप्तरात. कारकून दोनशेच्या वर. पेशवे मोहिमेवर निघाले की फडाचे काही लोक सोबत जायचे, पण एक खातं पुण्यातून हलायचं नाही. त्याचं नाव एक बेरीज दप्तर. सगळ्या खात्यांचे हिशोब इथं वर्गवार लावायचे, वर्षाचा जमा, खर्च आणि शिल्लक यांचा ताळेबंद काढायचा. सोबत खतावणी, म्हणजे कुठल्या बाबीवर किती खर्च झाला याची अक्षरवार यादी. एक्सेलच्या क्लासमध्ये ज्याला पिव्होट टेबल म्हणतात, त्याचं काम इथं बोरू आणि मोडी लिपी करत होती. संगणकावरची पहिली गाजलेली स्प्रेडशीट, व्हिसिकॅल्क, आली १९७९ मध्ये.

ही पद्धत नानांनी शोधली नव्हती, आधीपासून होती. त्यांनी तिला शिस्त लावली आणि महत्त्वाचं म्हणजे ती वाचली. वर्षाच्या सुरुवातीला प्रांताकडून किती यायला हवं याचा अंदाज पुण्यातून जायचा, वर्षअखेरीला प्रत्यक्ष हिशोबाशी तो ताडून बघायचा. फरक दिसला की मामलेदाराला जाब द्यावा लागायचा.

मग १७७३ आलं. ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. काका रघुनाथरावांनी गादी घेतली. नाना, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके अशा कारभाऱ्यांनी बारभाईंचं कारस्थान रचलं आणि १७७४ मध्ये पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावाला तान्हेपणीच पेशवा केलं. रघुनाथराव इंग्रजांकडे गेले आणि युद्ध पेटलं.

इथं नानांसमोर आली कामांची लांबलचक यादी. मुंबईचे इंग्रज अंगावर येत होते. म्हैसूरच्या हैदर अलीशी जुनं वैर होतं. निजामाकडे चौथाईची थकबाकी होती. नागपूरकर भोसले आपल्याच तोऱ्यात होते. सगळं महत्त्वाचं आणि सगळं आत्ताच.

नानांनी यादी उलटी लावली. बाकी सगळी भांडणं थांबू शकत होती, इंग्रज थांबणार नव्हते. म्हणून १७८० मध्ये त्यांनी हैदर, निजाम आणि भोसले यांनाच सोबत घेऊन इंग्रजांविरुद्ध फळी उभारली. ज्यांच्याकडून वसुली करायची त्यांच्याशीच दोस्ती! हैदर त्याच वर्षी मद्रासच्या बाजूला कर्नाटकात घुसला आणि इंग्रजांना दोन टोकांना धावावं लागलं.

कोकणातली लढाई मात्र सोपी गेली नाही. कल्याण इंग्रजांनी घेतलं होतं. मलंगगडावर चालून आलेल्या इंग्रज तुकडीला मराठ्यांनी घेरलं, पण हार्टलेच्या फौजेनं तिला सोडवलं. डिसेंबरमध्ये वसई गेली, वज्रेश्वरीजवळ दुगाडला रामचंद्र गणेश पडले. इंग्रजांना कोकणचा वसूल हवा होता, त्यावर युद्धाचा खर्च भागवायचा होता. पुढच्या वर्षी जनरल गॉडर्ड बोरघाटापर्यंत आला आणि तिथून तहाची बोलणी लावू लागला. नाना बधले नाहीत. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांनी गॉडर्डची रसद तोडली. एप्रिल १७८१ मध्ये तो नुकसान सोसत पनवेलकडे मागे फिरला. १७८२ मध्ये महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीनं सालबाईचा तह झाला, रघुनाथरावांचा विषय संपला.

मग यादीतली पुढची कामं. टिपूशी लढाई, नंतर टिपूविरुद्ध इंग्रजांशीच युती, आणि शेवटी निजामाची ती जुनी थकबाकी. ती वहीतून कधी पुसली गेली नव्हती. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला निजाम हरला आणि पैसे व मुलूख द्यायला कबूल झाला.

पण या कारभाराला एक मोठी खोट होती. सगळ्या चाव्या एकाच माणसाकडे. बरोबरीचे सखारामबापू नानांच्याच हुकमानं कैदेत पडले आणि १७८१ मध्ये कैदेतच गेले. महादजी उत्तरेतून आले तेव्हा मोहिमांच्या खर्चावरून दोघांत हिशोबाची ताणाताणी झाली. पुण्याचा कोतवाल घाशीराम लोकांना छळत होता, तरी जमावानं १७९१ मध्ये त्याला दगडांनी ठेचेपर्यंत नानांनी त्याला आवरलं नाही. वसुलीचे आकडे ठीक दिसत असतील तर कोतवालीखालचा माणूस काय सोसतो ते रकान्यात कुठून दिसणार?

आणि सवाई माधवराव. वीस-एकवीस वर्षांचा झाला तरी कारभार नानांचाच, पहाराही नानांचाच. ऑक्टोबर १७९५ मध्ये तो शनिवारवाड्यात वरून खाली कोसळला आणि गेला. ज्याच्यासाठी एकवीस वर्षं वह्या सांभाळल्या, त्याला त्या वाचायला शिकवायचं राहूनच गेलं होतं.

पुढे गादीवर आले रघुनाथरावांचे चिरंजीव, दुसरे बाजीराव. १७९७ च्या शेवटच्या दिवशी नाना पकडले गेले, काही महिने नगरच्या किल्ल्यात कैदेत होते. सुटले, पण पूर्वीचा दरारा उरला नव्हता. १३ मार्च १८०० ला पुण्यात त्यांचं निधन झालं.

बाजीरावांनी मामलती जास्त बोली लावणाऱ्याला इजाऱ्यानं द्यायला सुरुवात केली. रक्कम आधीच ठरली म्हटल्यावर कीर्द तपासतो कोण? १८१७ मध्ये पुणं इंग्रजांकडे गेलं आणि पुढे मॅक्लिओड नावाच्या अधिकाऱ्यानं दप्तर उघडून बघितलं. आधीच्या पेशव्यांचे कागद नीट लावलेले होते. बाजीरावांच्या काळातल्या कागदांची आबाळ झाली होती.

जे वाचलं ते आज पुण्याच्या पेशवे दप्तरात कापडी रुमालांत बांधून ठेवलेलं आहे. १९३० च्या दशकात गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यातून निवडून ४५ खंड छापले, तरी बराच भाग मोडीतच पडून आहे. त्यात प्रांत कल्याणचे कागदही आहेत.