शारदेला वाचा देणारे केशवराव

भगिनींनो, आपल्या वाकोल्याच्या मंडळात करमणूक आणि समाजकार्य यांची खाती निराळी मानण्याची रीत आहे. हळदीकुंकवाला गाणी व नाटुकली, आणि हुंड्याविषयी बोलायचे तर वेगळे व्याख्यान. मला ही वाटणी पटत नाही. साक्षीदार म्हणून मी संगीतसूर्य केशवराव भोसले यांना पुढे करते.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घरची गरिबी असल्याने अगदी लहान वयात ते स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत गेले. त्या काळी प्रमुख मंडळ्यांत स्त्रियांच्या भूमिका मुलगे आणि पुरुषच करीत. केशवरावांनी नाव मिळविले ते गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदा’ नाटकातील नायिका होऊन. पैशाच्या लोभाने कांचनभट आपली कोवळी मुलगी भुजंगनाथ या म्हाताऱ्याला द्यावयास निघतो, ही त्या १८९९ सालच्या नाटकाची कथा. अशा शारदा तेव्हा समाजात पुष्कळ होत्या. बापापुढे तोंड उघडण्याची मात्र त्यांना सोय नव्हती. त्यांचे दुःख एका मुलाने लुगडे नेसून, आपल्या तेजस्वी आवाजात गावोगावच्या बापांना ऐकविले. गाणे ऐकावयास आलेला एखादा गृहस्थ घरी जाताना आपल्या मुलीचा विचार करीत गेला असेल, तर ते यश लहान कसे म्हणावे?

पुढे १९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला. त्याला नाव पडले ते हरविलास सारडा यांच्यावरून. पण मराठी माणसाच्या तोंडी त्याचा शारदा कायदाच झाला.

१९०८ साली, वयाची अठरा वर्षेही पुरी झाली नसताना, केशवरावांनी हुबळीस ललितकलादर्श ही स्वतःची मंडळी काढली. याच मंडळीने १९१६ साली मामा वरेरकरांचे ‘हाच मुलाचा बाप’ हे हुंड्याच्या चालीवरील नाटक रंगभूमीवर आणले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत केशवराव आणि बालगंधर्व यांनी मिळून ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग केला. दोघांच्या मंडळ्यांत चढाओढ होती, तरी टिळक स्वराज्य फंडासाठी दोघे एका रंगमंचावर उभे राहिले.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव विषमज्वराने गेले. वय अवघे ३१. बापूराव पेंढारकरांनी मंडळी चालविली आणि १९२३ साली अस्पृश्यतेवरील ‘तुरुंगाच्या दारात’ हे वरेरकरांचे नाटक केले. मालक गेला, पण त्याने घातलेला शिरस्ता राहिला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी बांधलेल्या नाट्यगृहाला पुढे केशवरावांचे नाव दिले गेले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत सापडले, तेव्हा कितीतरी रसिकांचे डोळे पाणावले.

हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा. तरी फ्लॅटला हातभार, गाडी, मानपान अशा गोड नावांनी हुंडा अजून मागितला जातो, हे आपणांपैकी कोणाला ठाऊक नाही? केशवरावांनी लुगडे नेसून जे सांगितले, ते आज आपण स्वतः उभ्या राहून सांगू शकतो. म्हणून यंदाच्या वर्धापनदिनाला हुंड्यावरीलच नाटिका बसवावी, आणि लग्नाच्या मुलांच्या आईवडिलांना पुढच्या रांगेत अगत्याने बसवावे, एवढी माझी विनंती आहे.