मैदानावरचा प्राध्यापक

खेळ शिकविणाऱ्याचे विद्यापीठातील स्थान कोणते, हा प्रश्न क्वचितच गंभीरपणे विचारला जातो. अमेरिकेत त्याचे एक उत्तर १८९२ साली दिले गेले. नव्याने उघडलेल्या शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी अ‍ॅमॉस अलोन्झो स्टॅग यांना शारीरिक शिक्षणाचे प्रमुख नेमले आणि इतर अध्यापकांच्या बरोबरीचा कायम दर्जा दिला. फुटबॉलच्या मार्गदर्शकाला असा मान तोपर्यंत मिळाला नव्हता.

स्टॅग यांचा जन्म १६ ऑगस्ट १८६२ रोजी न्यू जर्सीतील वेस्ट ऑरेंज येथे एका गरीब कुटुंबात झाला. येल येथे ते धर्मोपदेशक होण्यासाठी गेले. पण आपल्याला वक्तृत्व साधत नाही हे ध्यानात येताच त्यांनी व्यासपीठ सोडले आणि मैदान धरले. उपदेशकाची वृत्ती मात्र सुटली नाही. मद्य, तंबाखू आणि शिवीगाळ त्यांना वर्ज्य होती. फार संतापले तर ते खेळाडूला गाढव म्हणत, एवढेच.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन प्रतिपक्षाची फळी फोडण्याचा तो धसमुसळा खेळ आहे. १९०५ च्या हंगामात त्यात इतके तरुण दगावले की, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना लक्ष घालावे लागले. पुढच्याच वर्षी चेंडू पुढे फेकण्याची मुभा देणारा नियम आला आणि शक्तीच्या जोडीला युक्तीला वाव मिळाला. नियम समितीवर असलेल्या स्टॅग यांनी या नव्या डावाचा हिरिरीने अभ्यास केला. त्याआधी, १९०५ सालीच, त्यांच्या संघाने छपन्न सामने अपराजित राहिलेल्या मिशिगनला २-० असे नमविले होते.

तथापि, या यशाला दुसरी बाजू होती. हार्पर यांना फुटबॉलमध्ये नव्या विद्यापीठाची कीर्ती वाढविण्याचे साधन दिसत होते. प्रेक्षक वाढले, तिकिटांचे उत्पन्न वाढले आणि त्यावर स्टॅग यांच्या विभागाचा जवळजवळ स्वतंत्र ताबा राहिला. ज्ञानमंदिराच्या आवारात बाजार शिरला तो याच दाराने. ते दार उघडण्यात या सचोटीच्या माणसाचाही हात होता, हे नाकारता येणार नाही.

१९३२ साली सत्तरी गाठताच विद्यापीठाने त्यांना निवृत्त केले. शांतपणे घरी बसण्याऐवजी ते कॅलिफोर्नियातील स्टॉकटन येथे कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये रुजू झाले आणि १९४३ मध्ये, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, देशातील सर्वोत्कृष्ट मार्गदर्शक ठरले. पुढे पेनसिल्व्हेनियातील सस्क्वेहॅना येथे त्यांनी मुलाच्या बरोबरीने काम केले. १७ मार्च १९६५ रोजी स्टॉकटन येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय एकशे दोन होते.

दरम्यान शिकागोत निराळेच घडले होते. अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांच्या कारकीर्दीत १९३९ साली विद्यापीठाने आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल बंद केला. स्टॅग यांच्या नावाच्या मैदानावरील ओस पडलेल्या प्रेक्षागृहाखाली २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी यांनी पहिली नियंत्रित अणुसाखळी घडवून आणली. आज त्या मैदानाच्या जागी विद्यापीठाचे भव्य ग्रंथालय उभे आहे.

खेळाचा असा निकाल लावणे हे हार्पर यांच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. म्हणूनच १९६९ मध्ये शिकागोत फुटबॉल माफक प्रमाणात परतला. २०२५ पासून अमेरिकेतील बड्या विद्यापीठांना खेळाडूंना थेट मोबदला देण्याची मुभा मिळाली आहे आणि तेथील विद्यार्थी व व्यावसायिक यांतील सीमारेषा पुसट होत चालली आहे. मात्र खेळासाठी शिष्यवृत्ती न देणाऱ्या महाविद्यालयांचा जो गट आहे, त्याच्या अंतिम सामन्याला १९७३ पासून स्टॅग यांचे नाव आहे, आणि शिकागो त्याच गटात खेळते. खेळ हा शिक्षणाचा भाग असेल तरच त्याच्या शिक्षकाला प्राध्यापक म्हणता येते. स्टॅग यांच्या दीर्घ आयुष्याचा हा अर्थ त्यांच्या विजयांच्या आकड्यांपेक्षा अधिक टिकाऊ आहे.