बी आणि माती : स्टीफन पॅजेट

'पॅजेट्स डिसीज' हा हाडांचा आजार अनेकांना ऐकून माहीत असतो. तो ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते सर जेम्स पॅजेट हे व्हिक्टोरिया राणीचे शल्यचिकित्सक. त्यांचा मुलगा स्टीफन याचा जन्म १८५५ मध्ये लंडनमध्ये झाला. ऑक्सफर्डमध्ये शिक्षण झाल्यावर तोही शल्यचिकित्सक झाला. वडिलांच्या कीर्तीच्या सावलीत राहिलेल्या या डॉक्टरने विचारलेला एक प्रश्न मात्र आजही कर्करोगाच्या संशोधनात जिवंत आहे.

स्तनाचा कर्करोग शरीरात पसरतो तेव्हा काही ठिकाणेच का निवडतो? कर्करोगाच्या पेशी रक्तातून वाहत जातात आणि योगायोगाने जिथे अडकतात तिथे वाढतात, असे तेव्हा अनेकजण मानत. पॅजेट यांनी या आजाराने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. २४१ जणींच्या यकृतात गाठी होत्या, प्लीहेत मात्र फक्त १७ जणींच्या. वास्तविक प्लीहेलाही भरपूर रक्त मिळते. हाडांचेही तसेच. मांडीच्या हाडात रोग वारंवार दिसे, हातापायांच्या पंजांतील हाडांत जवळजवळ नाहीच.

१८८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला. बी वाऱ्यावर कुठेही जाते, पण रुजते ते मानवणाऱ्या मातीतच. कर्करोगाची पेशी हे बी आणि अवयव ही माती. ही कल्पना आपल्या आधी व्हिएन्नाचे नेत्रतज्ज्ञ फुक्स यांना सुचली होती, हेही त्यांनी प्रांजळपणे नोंदवले.

पुढे अनेक वर्षे हा विचार मागे पडला. अमेरिकेचे जेम्स युइंग यांनी रक्तप्रवाहाच्या यांत्रिक कारणांवर भर दिला. त्यातही तथ्य होते. १९४० मध्ये बॅट्सन यांनी दाखवले, की मणक्यांभोवतीच्या शिरांना झडपा नसतात. खोकताना किंवा कुंथताना पोटातला दाब वाढला की रक्त तिकडे वळते आणि त्याबरोबर पेशीही मणक्यांपर्यंत पोहोचू शकतात. १९८०च्या सुमारास फिडलर यांच्या उंदरांवरील प्रयोगांनी पॅजेट यांची मातीही पुन्हा चर्चेत आणली. पेशी अनेक अवयवांत पोहोचल्या, पण गाठी ठरावीक जागीच झाल्या.

आता या दोन्ही वाटा हाडात एकत्र येताना दिसतात. हाड निर्जीव खांब नाही. चालताना पडणारा भार त्यातील पेशींना जाणवतो आणि त्यानुसार हाड झिजते किंवा भरते. उंदराच्या पायाच्या हाडावर नियमित, मोजका भार दिल्यावर तिथली स्तनाच्या कर्करोगाची वाढ कमी झाल्याचे प्रयोगात दिसले. उलट, प्रोस्टेटच्या कर्करोगावरील प्रयोगांत वाढत्या गाठीच्या दाबामुळे हाडाच्या पेशींनी कर्करोगाला पोषक द्रव्ये सोडल्याचे आढळले. म्हणजे मातीत रसायनांबरोबर ताण आणि दाबही आले.

मात्र उंदरांवरून माणसांसाठी थेट नियम काढता येत नाही. हाडात कर्करोग पसरलेला असेल, तर ते हाड थोड्या भारानेही मोडू शकते. म्हणून अशा रुग्णांनी व्यायाम डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्यानेच करावा. पूर्वी स्तनाचा किंवा प्रोस्टेटचा कर्करोग झालेल्यांनी पाठीचे किंवा कमरेचे नवे दुखणे, विशेषतः रात्री वाढणारे, वयाचे म्हणून अंगावर काढू नये. पायांतली शक्ती कमी झाली किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. उशीर झाल्यास गेलेली शक्ती परत येईलच असे नाही.

स्टीफन पॅजेट यांनी १९०८ मध्ये वैद्यकीय संशोधनाच्या समर्थनासाठी संस्था उभारली. पहिल्या महायुद्धात ते रशियात रुग्णसेवेला गेले आणि तिथे त्यांची प्रकृती ढासळली. १९२६ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या त्या लेखाची फारशी चर्चा नव्हती. आज कर्करोगाच्या प्रसारावर लिहिताना संशोधक सुरुवात बहुधा तिथूनच करतात.