मज्जारज्जूची इजा आणि डॉ. लुडविग गटमन

पाठीच्या कण्याला मार लागून पाय लुळे पडले, की घरातल्या सगळ्यांचे लक्ष पायांकडे लागते. पाय पुन्हा हलतील का, हाच प्रश्न तुम्ही डॉक्टरांना वारंवार विचारता. ते स्वाभाविकच आहे. पण साधारण ऐंशी वर्षांपूर्वीपर्यंत अशा रुग्णांपैकी बहुतेक जण दगावत, आणि ते पाय लुळे पडल्यामुळे नव्हे. पाठीवर होणाऱ्या जखमा आणि लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग यांमुळे त्यांचा जीव जाई. हे चित्र बदलण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्या डॉ. लुडविग गटमन यांच्याविषयी हा लेख आहे. त्यांचे काम समजले, की रुग्णाची काळजी घेताना काय करायचे आणि का करायचे, हे तुम्हाला नीट उमगेल.

आधी मज्जारज्जू समजून घ्या

मेंदू आणि मज्जारज्जू मिळून मध्यवर्ती चेतासंस्था बनते. तिच्यापासून निघून हात, पाय, त्वचा आणि पोटातल्या अवयवांपर्यंत जाणाऱ्या नसांना परिघीय चेतासंस्था म्हणतात. मज्जारज्जू जाडीला साधारण करंगळीएवढा आणि मोठ्या माणसात सुमारे ४५ सेंटीमीटर लांब असतो. मणक्यांच्या मधल्या पोकळीत तो सुरक्षित असतो. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी तो संपतो आणि त्याखाली नसांचा जुडगा घोड्याच्या शेपटीसारखा लोंबतो.

मज्जारज्जूपासून नसांच्या ३१ जोड्या निघतात: मानेच्या ८, छातीच्या १२, कमरेच्या ५, त्याखालच्या त्रिकास्थीच्या ५ आणि माकडहाडाची १. मेंदूचे हुकूम या वाटेने खाली जातात आणि स्पर्श, वेदना, थंड-गरम यांची खबर वर येते. मज्जारज्जू जिथे दुखावतो, त्याच्या खालच्या भागाचा मेंदूशी संपर्क पूर्ण किंवा काही प्रमाणात तुटतो. मानेत इजा झाली तर हात आणि पाय दोन्ही अधू होतात. छातीच्या भागात झाली तर हात सहसा शाबूत राहतात, पण पाय जातात. लघवी आणि शौच यांचे नियंत्रण मज्जारज्जूच्या अगदी खालच्या टोकाकडे असते. म्हणून इजा वर कुठेही झाली, तरी ते बिघडू शकते.

खाणीतला तरुण

गटमन यांचा जन्म ३ जुलै १८९९ रोजी जर्मनीतल्या एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे गाव आज पोलंडमध्ये आहे. १९१७ साली, वैद्यकीय शिक्षण सुरू होण्याआधी, ते कोळसा खाण कामगारांच्या रुग्णालयात मदतनीस म्हणून काम करत होते. तिथे पाठीचा कणा मोडलेला एक धडधाकट तरुण आला. त्याच्या नोंदी सविस्तर लिहिण्यात अर्थ नाही, तो काही आठवड्यांत जाणार, असे गटमन यांना सांगण्यात आले. तसेच घडले. पाठीवर जखमा झाल्या, लघवीत जंतू झाले, ते रक्तात पसरले आणि सुमारे पाच आठवड्यांत तो गेला. हा रुग्ण गटमन कधीही विसरले नाहीत.

पुढे ब्रेस्लाऊ शहरात त्यांनी ऑटफ्रीड फर्स्टर या नामवंत मेंदूतज्ज्ञांच्या हाताखाली काम केले. मज्जारज्जूची कोणती नस त्वचेच्या कोणत्या पट्ट्याला संवेदना देते, याचा नकाशा तयार करण्यात फर्स्टर यांचे काम मोलाचे आहे. तुमच्या रुग्णाला डॉक्टर ठिकठिकाणी टाचणी टोचून विचारतात, तेव्हा ते असाच नकाशा वापरत असतात. स्तनाग्रांची पातळी म्हणजे छातीची चौथी नस, बेंबीची पातळी म्हणजे दहावी. जाणीव कुठे थांबते, यावरून इजेची जागा कळते.

१९३३ साली हिटलरची राजवट आली आणि ज्यू डॉक्टरांना सरकारी रुग्णालयांतून काढून टाकण्यात आले. गटमन ब्रेस्लाऊच्या ज्यू रुग्णालयात काम करू लागले. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंवर देशभर हल्ले झाले. त्या रात्री दाराशी येईल त्याला दाखल करून घ्या, असा हुकूम त्यांनी दिला. नाझी अधिकारी चौकशीला आले, तेव्हा प्रत्येकाचा काही ना काही आजार सांगून त्यांनी ६४ पैकी ६० जणांची अटक टाळली. १९३९ च्या मार्चमध्ये पत्नी आणि दोन मुलांसह ते इंग्लंडला पोहोचले.

दर दोन तासांनी कूस

१ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी केंद्र सुरू झाले आणि ते गटमन यांच्याकडे सोपवले गेले. युद्धात जखमी झालेले तरुण सैनिक तिथे प्लास्टरमध्ये जखडलेल्या अवस्थेत येत. आत पाठ सडत असे.

गटमन यांनी प्लास्टर काढले आणि दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्रीही, प्रत्येक रुग्णाची कूस बदलायचा नियम केला. त्याचे कारण चेतासंस्थेत आहे. आपण झोपेतसुद्धा कूस बदलतो, कारण दाबलेली त्वचा मेंदूला तक्रार पाठवते. मज्जारज्जू तुटला, की ती तक्रार पोहोचत नाही. हाडाखाली दबलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा थांबतो, ती मरते आणि रुग्णाला काहीच कळत नाही. त्वचेची ही तक्रार ऐकण्याचे काम मग दुसऱ्या कुणाला तरी करावे लागते. कूस बदलली जाते का, हे पाहायला गटमन स्वतः रात्री वॉर्डात फिरत.

लघवीचेही तसेच. मूत्राशय भरल्याची खबर मेंदूला मिळत नाही, म्हणून ते ठरावीक वेळाने, निर्जंतुक पद्धतीने नळी घालून रिकामे करण्यावर त्यांनी भर दिला. १९४७ साली त्यांनी डेव्हिड व्हिटरिज यांच्यासोबत आणखी एक गोष्ट दाखवून दिली. इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल, तर नुसत्या तुंबलेल्या मूत्राशयामुळेही रक्तदाब धोकादायक पातळीला जाऊ शकतो.

खेळ हा उपचार

जीव वाचला, पण पुढे काय? गटमन यांनी रुग्णांना सुतारकाम, घड्याळ दुरुस्ती अशी कामे दिली आणि खेळ सुरू केले. खेळाने दंड आणि खांद्यांना बळ येते, तोल सांभाळता येतो आणि मन उभारी धरते. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिक सुरू झाले त्याच दिवशी, स्टोक मँडव्हिलच्या हिरवळीवर १६ जणांनी व्हीलचेअरवर बसून तिरंदाजीची स्पर्धा खेळली. १९६० साली रोममध्ये २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू जमले. आजचे पॅरालिंपिक इथूनच उभे राहिले. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या स्पर्धेत सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले होते. गटमन यांचे निधन १८ मार्च १९८० रोजी झाले.

तुम्ही काय करावे

• अंथरुणावर असताना डॉक्टर सांगतील त्या वेळाने, रात्रीही, कूस बदला.
• माकडहाड, खुबे, टाचा आणि नितंब रोज उजेडात तपासा. दाब काढल्यावरही लाली जात नसेल, तर त्या भागावर भार देऊ नका आणि डॉक्टरांना दाखवा.
• लघवीची नळी कशी आणि किती वेळाने घालायची, हे घरी जाण्यापूर्वी नर्सकडून स्वतःच्या हाताने शिकून घ्या. ताप, थंडी, गढूळ किंवा दुर्गंधीयुक्त लघवी अंगावर काढू नका.
• इजा वरच्या भागात असेल आणि एकाएकी डोके ठणकू लागले, चेहरा लाल झाला, घाम फुटला, तर रुग्णाला लगेच बसते करा, घट्ट कपडे सैल करा, नळी दुमडली किंवा तुंबली आहे का पाहा. आराम पडला नाही, तर तातडीने रुग्णालयात न्या.

पाय किती सुधारतील, हे इजेवर अवलंबून आहे आणि ते तुमच्या हातात नाही. त्वचा आणि मूत्राशय सांभाळणे मात्र बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे. पुढच्या भेटीत पायांबरोबर या दोन गोष्टींबद्दलही डॉक्टरांना जरूर विचारा.